पापाचे वाटेकरी

एप्रिल १९९६ मध्ये बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या छोट्या देशात मात्यू केरेकू यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि घेताना तिच्यातला एक साक्षीदार गाळला. १९९०च्या संविधानानुसार तिथे ही शपथ देवासमोर, पितरांच्या आत्म्यांसमोर, राष्ट्रासमोर आणि जनतेसमोर घ्यायची असते. केरेकूंनी बाकीचे तिघे घेतले, पितर वगळले. एके काळचे हे मार्क्सवादी लष्करशहा तोवर कडवे ख्रिस्ती झाले होते आणि पितरांची साक्ष काढणं त्यांच्या नव्या श्रद्धेत बसत नव्हतं. प्रकरण घटना न्यायालयात गेलं. ही शपथ घटनेला धरून नाही, असं न्यायालयाने ठरवलं. राष्ट्राध्यक्षांना पुन्हा उभं राहावं लागलं आणि या खेपेस पितरांचं नाव घ्यावं लागलं.

तीन वर्षांनी, १९९९ साली, हेच केरेकू अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या एका चर्चमध्ये गेले. समोर बसलेले सगळे कृष्णवर्णीय अमेरिकन, म्हणजे गुलामांचे वंशज. केरेकूंनी त्यांच्यापुढे गुडघे टेकले आणि गुलामांच्या व्यापारात आफ्रिकन लोकांनीच जो हात दिला त्याबद्दल क्षमा मागितली. ज्या पितरांना साक्षीला उभं करायला हा माणूस तयार नव्हता, त्यांच्या पापासाठी तो गुडघ्यांवर आला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक प्रश्न उभा राहतो आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही. पूर्वजांचं पाप वंशजांकडे येतं का? येत असेल तर कोणत्या वाटेने? आणि येत नसेल, तर त्याबद्दल क्षमा मागायचा अधिकार तरी आपल्याला कुठून मिळतो?

मी तत्त्वज्ञानातला नव्हे, काजूतला माणूस. वेंगुर्ल्यातल्या एका कारखान्यासाठी मी काजू बी खरेदी करत असे. कोकणात पिकणारी बी आपल्या कारखान्यांना पुरत नाही. वर्षाचं काम चालू ठेवायचं तर आफ्रिकेतून बी आणावी लागते आणि बेनिनच्या बीला आउटटर्न चांगला. ऐंशी किलोच्या गोणीतून किती पौंड गर निघेल ते ठरवायचं, म्हणजे गोणीत हात घालून नमुना काढायचा, बी कापायची, चांगला गर वेगळा, डागी वेगळा, कुजका वेगळा, वजन करून भाव ठरवायचा. फेब्रुवारी ते मे हा तिथला हंगाम. अशा कित्येक हंगामांत मी तो देश खालपासून वरपर्यंत पाहिला. आता तेही राहिलं नाही. एप्रिल २०२४ पासून बेनिनने कच्ची बी बाहेर पाठवणं बंद केलं. काजू फोडायचा तर आमच्याच देशात फोडा, असं त्यांचं सरकार म्हणतं. धंद्याच्या दृष्टीने वाईट, पण त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

देश उभा आणि चिंचोळा आहे. समुद्रकिनारा साधारण आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढा, सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. तिथून उत्तरेला नायजर नदीपर्यंत मात्र साडेसहाशे-सातशे किलोमीटर. पूर्वेला अवाढव्य नायजेरिया, पश्चिमेला त्याहून बारीक टोगो, वर बुर्किना फासो आणि नायजर. क्षेत्रफळ सव्वा लाख चौरस किलोमीटरच्या आत, महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. कागदोपत्री राजधानी पोर्तो-नोव्हो, कारभार आणि बंदर कोतोनूला. किनाऱ्यालगत वाळू, खाड्या, माड. वर लाल माती, तेलताडाची बनं. त्याहून वर दासा आणि सावालूच्या आसपास काळ्या खडकांच्या टेकड्या. काजूचा मुलुख इथून सुरू होतो आणि पाराकूच्या पुढेपर्यंत जातो. वायव्येला अताकोराची डोंगररांग.

बीचे ट्रक उत्तरेकडून दक्षिणेकडे, समुद्राकडे जात. दासा-सावालूचा हा टेकड्यांचा मुलुख मही लोकांचा, आणि दाहोमेचं सैन्य माणसं धरायला याच महींवर चालून जात असे. धरलेली माणसंही दक्षिणेकडे, समुद्राकडेच नेली जात.

दाहोमे हे इथल्या जुन्या राज्याचं नाव. १९७५ पर्यंत देशाचंही तेच होतं. सतराव्या शतकात अबोमे इथे फॉन लोकांचं हे राज्य उभं राहिलं. राजा अगाजा याने १७२४ साली अलादा आणि १७२७ साली वीदा हे बंदर जिंकलं, आणि गोऱ्या व्यापाऱ्यांशी थेट सौद्याची वाट मोकळी झाली. या एका बंदरातून जहाजांवर चढवलेल्या माणसांची संख्या इतिहासकार दहा लाखांच्या घरात धरतात. हे काम बेशिस्तीने होत नव्हतं. गोऱ्यांशी व्यवहार पाहण्यासाठी राजाने ‘योवोगान’ नावाचा अधिकारी वीदात नेमला होता. लढाईत धरलेली माणसं राजाच्या मालकीची. सैनिकाला पकडलेल्या माणसामागे कवड्या मिळत. दरवर्षी अबोमेत मोठा उत्सव होई. त्यात पितरांना नरबळी दिले जात आणि राजा उंच मंचावरून जमलेल्या रयतेत कवड्या आणि कापड उधळत असे.

म्हणजे विकलेल्या माणसाची किंमत राजवाड्यातच राहत नव्हती. ती सैनिकाच्या घरी, गर्दीतल्या बाईच्या पदरात, बाजारातल्या मिठा-तेलात पोचत होती. आणि ती येत कुठून होती? कवड्या मालदीवच्या. लंका आणि बंगालमार्गे त्या ॲमस्टरडॅम-लंडनला जात, तिथे लिलाव होई आणि मग गुलामांच्या जहाजांतून वीदाला उतरत. आपल्याकडे तुळजाभवानीचे आराधी गळ्यात घालतात ती हीच कवडी. कापडातही हिंदुस्थानी विणकरांचा माल पुष्कळ असे. बेनिनच्या किनाऱ्यावर अशी एक समजूत सांगतात की कवड्या समुद्रात टाकलेल्या गुलामांच्या प्रेतांवर वाढतात, प्रेत ओढून काढलं की त्याला चिकटून वर येतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे खोटं. हिशेबाच्या दृष्टीने मात्र ज्याने कुणी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली, त्याला जमाखर्च नीट कळला होता.

पापाचा वाटा कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे लहानपणीच कानावर पडतं. वाटमारी करणारा वाल्या, त्याला आडवे आलेले नारद, आणि नारदांचा सवाल: ज्यांच्यासाठी हे करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी व्हायला तयार आहेत का, घरी जाऊन विचारून ये. वाल्या विचारतो. बायको, मुलं, आईबाप, सगळे हात झटकतात. आम्हाला पोसणं तुझं काम. कसं पोसतोस ते तुझं तू बघ. राजापूरच्या आमच्या देवळात कीर्तनाला हे आख्यान लागलं की बुवा या जागी थांबत आणि सभामंडपातली मंडळी माना डोलावत. ज्याचं पाप त्याच्या माथी, हा बोध. घरच्यांनी स्वार्थीपणा केला असेल, पण बोलले ते खरंच बोलले, असं आपण धरून चाललो आहोत.

मला आता ते खरं वाटत नाही. रात्री ताटात पडलेला घास कुठून आला हे त्या घराला माहीत होतं. घास घेताना वाटेकरी आणि जाब विचारल्यावर परके, हे कोणत्याही खतावणीत बसत नाही.

वीदात हात झटकणारे पुष्कळ भेटतात. तिथे १७२१ साली पोर्तुगिजांनी बांधलेला छोटा किल्ला आहे. फ्रेंचांनी १८९२ ते १८९४ या काळात दाहोमे जिंकून घेतलं, राजा बेहांझिनला मार्तिनिक बेटावर हद्दपार केलं, सगळा मुलुख फ्रेंच झाला, तरी हा किल्ला पोर्तुगालचाच राहिला. स्वतंत्र दाहोमेने १ ऑगस्ट १९६१ रोजी तो ताब्यात घेतला. जाताना पोर्तुगीज अधिकाऱ्याने आतली घरं पेटवून दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला, त्यामुळे या किल्ल्याशी आपलं एक नातं मला उगाचच वाटत आलं. किल्ल्यात आता संग्रहालय आहे. तिथून काही अंतरावर फ्रान्सिस्को फेलिक्स द सोझा याचं घर. हा ब्राझीलहून आलेला, गुलामांच्या व्यापारात गबर झालेला माणूस. १८१८ साली गेझो याला दाहोमेच्या गादीवर बसवायला त्याने मदत केली आणि ‘चाचा’ ही पदवी मिळवली. १८४९ साली तो वारला. त्याचा वंश वाढला, मोठमोठ्या पदांना पोचला, आणि कुटुंबप्रमुखाला आजही ‘चाचा’च म्हणतात. वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंत डिसोझा माझ्या ओळखीचे, म्हणून हे आडनाव तिथे वाचताना मी जरा दचकलो. द सोझांच्या घराचं म्हणणं असं की तो काळच तसा होता. अबोमेत विचारा, ते गोऱ्या गिऱ्हाइकांकडे बोट दाखवतात. गोरे म्हणतात, विकणारे तुम्हीच. अबोमेच्या राजवाड्यात गेझोचं एक आसन आहे, चार माणसांच्या कवट्यांवर टेकवलेलं. तेवढं एक कुणाकडेच बोट दाखवत नाही.

हंगामात माझी गाडी चालवणारा मनुष्य वीदाचा होता. रविवारी चर्चला जाई आणि घरात वोदूनचं, म्हणजे तिथल्या जुन्या देवतेचं, ठाणंही सांभाळी. वीदात मोठं कॅथलिक चर्च आणि अजगरांचं देऊळ समोरासमोर आहेत, तेव्हा त्याला हे दोन दगडांवरचे पाय वाटत नसत. तिथे कुणाला ‘तुझे पूर्वज विकणाऱ्यांतले की विकलेल्यांतले’ असं विचारणं शिष्टाचाराला सोडून आहे. गुलामाचं मूळ असलेली घरं ते बोलत नाहीत. पण बरीच वर्षं एकत्र प्रवास झाल्यावर त्याने आपण होऊन सांगितलं. बापाकडून तो अबोमेच्या सैनिकांतला. आईकडची पणजी महींच्या मुलखातून धरून आणलेली. विकायची राहिली आणि घरातच बायको झाली. ‘पात्राँ,’ तो मला म्हणाला, ‘मी कुणाची क्षमा मागू? डाव्या हाताने उजव्याची?’

केरेकूंची अडचण याहून अवघड. ते जन्मले अताकोराच्या डोंगराळ भागात, नातितिंगूजवळ. तिथले लोक मातीची दुमजली किल्लेवजा घरं बांधून राहत, ‘ताता सोंबा’. खाली गुरं, वर माणसं, आत शिरायला अरुंद दार. असं घर बांधायला लावणाऱ्या कारणांत माणसं धरून नेणाऱ्या टोळ्यांची भीती हे एक मोठं कारण होतं. म्हणजे बाल्टिमोरला गुडघे टेकणारा माणूस अबोमेच्या राजांचा वंशज नव्हता. ज्यांच्यावर धाडी पडत त्यांच्यातला तो होता. मग त्याने कुणाच्या वतीने क्षमा मागितली?

रक्ताच्या वतीने नाही, हे उघड आहे. त्याने ती खुर्चीच्या वतीने मागितली. आमच्या धंद्यात एखाद्याने चालू पेढी घेतली तर येणं तेवढं घेतो, देणं जुन्या मालकाकडे मागा, असं म्हणता येत नाही. बेनिनच्या सरकारने अबोमेचे राजवाडे आपला वारसा म्हणून स्वीकारले. युनेस्कोच्या यादीत ते १९८५ पासून आहेत. फ्रेंच सेनेने लुटून नेलेली राजघराण्याच्या २६ वस्तू, आसनं, पुतळे, दरवाजे, नोव्हेंबर २०२१ मध्ये पॅरिसहून परत आल्या तेव्हा देशभर आनंद झाला आणि तो योग्यच होता. ते आसन आमचं म्हणणाऱ्याला त्याखालच्या कवट्या दुसऱ्याच्या म्हणता येत नाहीत. पाप रक्तातून उतरत नसेल. मिळकतीबरोबर मात्र देणं उतरतं.

आता याची दुसरी बाजू. केरेकू १९७२ साली बंड करून सत्तेवर आले. स्वातंत्र्यानंतरच्या एका तपात त्या देशाने इतकी बंडं पाहिली होती की १९७० साली तीन पुढाऱ्यांनी राष्ट्राध्यक्षपद आळीपाळीने भोगायचं ठरवून पाहिलं होतं. केरेकूंनी मार्क्सवाद आणला, वोदूनच्या पुजाऱ्यांमागे आणि चेटकिणी ठरवलेल्यांमागे ससेमिरा लावला, विरोधकांना तुरुंगात डांबलं. तिथे छळ झाला. १९८९ मध्ये बँका बुडाल्या, पगार थांबले, लोक रस्त्यावर आले. मग फेब्रुवारी १९९० मध्ये कोतोनूच्या एका हॉटेलात राष्ट्रीय परिषद भरली. शेतकरी, शिक्षक, कामगार, धर्मगुरू, जुने राष्ट्राध्यक्ष असे सुमारे पाचशे प्रतिनिधी नऊ-दहा दिवस बसले. अध्यक्षस्थानी कॅथलिक बिशप इसिदोर द सोझा. परिषदेने आपण सार्वभौम आहोत असं जाहीर केलं आणि केरेकूंचे बहुतेक अधिकार काढून घेतले. त्यांनी ते मान्य केलं. गोळी झाडली गेली नाही. १९९१ च्या निवडणुकीत निसेफोर सोग्लो यांनी त्यांना हरवलं, आणि १९७२ पासूनच्या त्यांच्या कृत्यांबद्दल त्यांच्यावर खटला चालणार नाही, असं अभय त्यांना मिळालं.

शांततेसाठी ही किंमत कदाचित योग्य असेल. पण आकडे एकाखाली एक मांडले की डोळ्यांत खुपतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या, आपण न केलेल्या पापासाठी गुडघे. आपल्या हातून घडलेल्यासाठी अभय. मेलेल्यांची क्षमा मागणं सोपं असतं, कारण ते नाही म्हणायला येत नाहीत. पूर्वजांच्या पापाबद्दल गळा काढणाऱ्या कुठल्याही राज्यकर्त्याला मी आता आधी त्याच्या स्वतःच्या तुरुंगांबद्दल विचारीन.

इथे मला सावध राहायला हवं. ‘बेनिनचे लोक असं मानतात’, ‘आफ्रिकन मन असं असतं’ अशी वाक्यं लिहायचा मोह होतो. त्या मोहावर सगळ्यात कठोर टीका केली ती बेनिनचेच तत्त्वज्ञ पॉलिन हूंतोंजी यांनी. १९९० नंतरच्या संक्रमण-सरकारात ते शिक्षणमंत्री होते. २०२४ साली वारले. सगळ्या जमातीचं मिळून एक न बोललेलं तत्त्वज्ञान असतं, ही परकीय अभ्यासकांची कल्पना त्यांनी झुगारली. विचार करतो तो माणूस, नावागावाचा, आणि तो शेजाऱ्याशी वाद घालतो. म्हणून मी बेनिनचं उत्तर सांगत नाही. न्यायालयाने एक दिलं, केरेकूंनी दुसरं, माझ्या गाडीवाल्याने तिसरं.

आपल्या धर्मशास्त्रात या विषयाचा कीस पाडलेला आहे, आणि तो वाल्याच्या घरच्यांपेक्षा पुष्कळ बारीक. बापाचं ऋण मुलाने आणि नातवाने फेडायचं. न फेडलं तर बापाला सुटका नाही. इंग्रजी अमदानीपासून न्यायालयं हे धर्मकर्तव्य कायदा म्हणून राबवत आली आणि २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने ते संपवलं. पण स्मृतिकारांनी एक अपवाद ठेवला होता. दारू, जुगार, बाहेरख्यालीपणा यांपायी केलेलं कर्ज मुलाच्या माथी नाही. त्याला अव्यावहारिक ऋण म्हणत. वरवर पाहता हा अपवाद घरच्यांच्या बाजूचा, पापाचं देणं पुढे जात नाही असं म्हणणारा. पण बाप जुगारात हरला तेव्हा मुलाच्या हाती काय आलं? काही नाही. त्याला दुहेरी बुडवायचं नाही, एवढाच त्यातला विवेक मला दिसतो. बाप लुटून श्रीमंत झाला आणि मुलगा त्या वाड्यात राहतो, त्या मुलाला तो अपवाद लावायला माझं मन धजत नाही.

म्हणजे मिळकत असेल तर देणं आहे. पण ते द्यायचं कुणाला, आणि कसं? या प्रश्नाला मला पटलेलं उत्तर किनाऱ्यावर, टोगोच्या सरहद्दीकडे ग्राँ-पोपोच्या बाजूला मिळालं. तिथे ‘चांबा’ नावाचं एक वोदून आहे. टोगोच्या मध्यभागात चांबा नावाचं गाव आहे. दक्षिणेतली सधन घरं उत्तरेकडची माणसं विकत घेत, आणि हे नाव त्या सगळ्यांचं झालं. अशी माणसं मालकाच्या घरी राबली, मेली. त्यांचे अंत्यविधी त्यांच्या माणसांच्या हातून झाले नाहीत. पुढे मालकांच्या वंशजांना आजार येऊ लागले, मुलं दगावू लागली, तेव्हा जाणत्यांनी ‘फा’चा कौल लावून सांगितलं की घरात विकत आणलेलं कुणीतरी आहे, ते मान मागतं आहे. मग त्या घरात चांबाचं ठाणं बसतं. तिथे ठेवायला लोखंडी वाळं असतं, बेडीची खूण. उत्तरेकडचं अन्न शिजवतात, कोलाच्या बिया ठेवतात. आणि विधीच्या दिवशी मालकाच्या वंशातल्या बाईच्या अंगात गुलाम येतो.

मी ते अंगणाच्या कडेला उभा राहून पाहिलं. अंगात येणं आपल्याला नवं नाही. जोगवा मागणाऱ्या घरांत, गोंधळात, खंडोबाच्या जत्रेत आपण ते पाहतो. पण आपल्याकडे अंगात देव येतो, देवी येते, फार तर घरातलाच कुणी अतृप्त. इथे चांगल्या घरची, अंगावर सोनं असलेली बाई डोक्यावर उत्तरेकडची लाल टोपी घालून, तिच्या घरात कुणाला न येणाऱ्या बोलीचे तुकडे बोलत होती, आणि तिच्या पणजोबांनी जिला विकत घेतलं असेल ती तिच्या अंगाने नाचत होती. नातवंडं वाकून नमस्कार करत होती. माझा गाडीवाला शेजारी उभा होता. त्याच्या पणजीसारख्या कित्येक बायका अशा घरांत आल्या, त्यांना मुलं झाली. त्यामुळे जिला विकत घेतलं तीच पुढे आजी, आणि ज्याने विकत घेतलं तोच आजोबा. डाव्या-उजव्या हाताच्या त्याच्या प्रश्नाला त्या अंगणात एक उत्तर होतं: क्षमा मागू नकोस, तिला घरात जागा दे, तिचं अन्न शिजव, तिचं ऐक.

वाल्याच्या आख्यानात मला जे आता सलतं ते हेच. नारद वाल्याला विचारतात, वाल्या घरच्यांना विचारतो. वाटेत लुटलेल्यांना कुणी विचारत नाही. त्यांची नावं नाहीत, गावं नाहीत. मोजायला रांजणात टाकलेले खडे तेवढे आहेत. वाल्याचा वाल्मीकी झाला ही मोठीच गोष्ट. पण ते त्याचं आणि रामनामाचं झालं. ज्यांचं नेलं त्यांच्या घरी काय परत गेलं, हे आख्यान सांगत नाही. चांबाचं ठाणं असलेलं घर पापाच्या वाट्याला नाही म्हणत नाही आणि आपल्या मोक्षाचीही घाई करत नाही. ते लुटलेल्याला आधी जेवायला वाढतं.

आपल्या महालयातही याला जागा आहे. बाप, आजा, पणजा, मातुल कुळ असे पिंड झाले की धर्मपिंड देतात. तो नोकराचाकरांना, आश्रितांना, ज्यांना कुणी नाही त्यांना. दरवर्षी मी तो देतो. पण त्याला नाव घ्यावं लागत नाही, आणि नाव न घेता दिलेलं देणं खात्यावर जमा होत नाही, हे कुठलाही कारकून सांगेल. पेशवाईत कुणबिणी विकत घेतल्या जात, कागदावर भाव लिहून. त्यांना कोणत्या घराने कोणत्या नावाने पिंड दिला?

माझं घर खोताचं. रत्नागिरी जिल्ह्यातली खोती कुळांकडून काय काय वसूल करत असे ते आता पुस्तकांत आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात तिच्याविरुद्ध विधेयक आणलं आणि १९४९ च्या कायद्याने ती गेली. आमच्या माळ्यावर जुनी दफ्तरं आहेत. त्यात वेठीला कोण आलं, कोणत्या दिवशी, कशाला, हे नावांसकट आहे. डोंगरउतारावरची आंब्या-काजूची बाग, तिचा जांभ्याचा गडगा, विहीर, हे वेठीतून झालं. कायद्याने कुळांना जमिनी मिळाल्या, बाग मात्र घरची म्हणून आमच्याकडे राहिली. ती नावं उतरवून त्या घरांना दाखवावीत आणि माझ्या वाट्याच्या बागेचं उत्पन्न त्यांच्याशी बसून वाटून घ्यावं, असं मी घरात मांडलं आहे.

धाकट्या भावाला हे पसंत नाही. त्याचं म्हणणं सरळ आहे. खोती आपण केली नाही, वेठ आपण घेतली नाही, कायद्याने सगळं मिटवलं. आणि तुझ्या हिशेबाने हे फेडायचं तरी किती पिढ्या? पहिल्या तीन गोष्टी मी नाकारत नाही. चौथीचं उत्तर मात्र मला काजूच्या धंद्याने दिलेलं आहे. ज्या वर्षी झाडाला बी लागते त्या वर्षी तोडणावळ द्यावी लागते. बाग आपल्या नावावर आहे आणि फळ आपण खातो आहोत, तितकी वर्षं.